पिंजरा कुणाचा? मास्तरचा पुतळा आणि चंद्रकलेची साक्ष

तमाशाने मराठी चित्रपटाला अनेक वर्षे पोसले. मराठी चित्रपटाने तमासगिराला काय दिले, हा हिशेब मात्र बाकी आहे. ‘लोकशाहीर राम जोशी’ (1947), ‘पठ्ठे बापूराव’ (1950), ‘सांगत्ये ऐका’ (1959), ‘पिंजरा’ (1972) अशी ही परंपरा आहे. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या कलेला पांढरपेशा समाज घरात घेत नव्हता, तिला पाहायला हा समाज तिकीट काढून अंधारात बसत होता. उजेडात नाकारायचे आणि अंधारात भोगायचे, हा आपल्या संस्कृतीचा जुना रिवाज. चित्रपटाने त्याला फक्त वातानुकूलित खुर्ची दिली.

या परंपरेतला सर्वात गाजलेला आणि कलादृष्ट्या सर्वात समर्थ चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’. अनंत माने यांची कथा, शंकर पाटलांची लेखणी, जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत, डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि संध्याची चंद्रकला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पन्नास वर्षे उलटून गेली तरी तो पाहिला जातो, त्याची गाणी लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत वाजतात. म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक आहे. जो चित्रपट विसरला गेला त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. जो समाजाच्या मनात घर करून बसला आहे, त्याच्याशीच भांडावे लागते.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी मुद्द्यापुरती सांगतो. एका गावाला आदर्श बनविणारा एक ब्रह्मचारी मास्तर. गावात तमाशाचा फड येतो. गाव बिघडेल म्हणून मास्तर फडाला हुसकून लावतो. फड नदीपलीकडे राहुट्या ठोकतो. अपमानित चंद्रकला मास्तरला आपल्या बोर्डावर आणण्याचा निर्धार करते. मास्तर मोहात सापडतो. पुढे एका खुनाच्या प्रसंगात मेलेल्या माणसाच्या अंगावर मास्तरचे कपडे चढविले जातात आणि मास्तर मेला असे गाव समजते. गाव रडते, त्याचा पुतळा उभारते. जिवंत मास्तर फडाबरोबर पडेल ते काम करीत गावोगाव हिंडतो. अखेरीस मास्तरच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाच्या आरोपाखाली तो पकडला जातो. खरे सांगितले तर जीव वाचेल, पण पुतळा पडेल. म्हणून तो गप्प राहतो आणि फासावर जाण्याचे पत्करतो.

यातला उपरोध जबरदस्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. माणूस स्वतःच्याच प्रतिमेचा खुनी ठरतो, ही कल्पना कोणत्याही मोठ्या साहित्यकृतीला शोभेल अशी आहे. लागूंनी त्या मास्तरच्या कोसळण्याला जी माणुसकी दिली आहे ती विसरता येत नाही. प्रश्न वेगळाच आहे. हा सगळा उपरोध कुणाच्या खर्चाने उभा राहिला आहे? पिंजरा कुणाचा, आणि त्यात अडकले कोण?

या कथेचा वंशवृक्ष पाहिला की उत्तराची वाट सापडते. ‘पिंजरा’ हा जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘द ब्लू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटावर बेतलेला आहे, हे सर्वज्ञात आहे. पण तो जर्मन चित्रपट तरी कुठून आला? हाइनरिख मान या कादंबरीकाराच्या ‘प्रोफेसर उनराट’ (1905) या कादंबरीतून. त्या कादंबरीतला शिक्षक आदर्श नाही, जुलमी आहे. विद्यार्थ्यांना चिरडण्यात त्याला सुख वाटते. विद्यार्थ्यांचा माग काढीत तो गायिकेपर्यंत पोचतो, तिच्याशी लग्न करतो, नोकरी गमावतो आणि नंतर त्याच गावातल्या प्रतिष्ठितांना जुगार आणि चैनीच्या नादी लावून त्यांचे बुरखे फाडतो. मानच्या रोखाचे लक्ष्य गायिका नाही. शिस्त, देशभक्ती, नीती यांच्या नावाखाली सत्ता गाजविणारा मध्यमवर्ग आहे. 1930 च्या चित्रपटात हा रोख बोथट झाला आणि शिक्षकाच्या शोकांतिकेला महत्त्व आले. तरीही तो शिक्षक हास्यास्पद राहिला, विदूषक होऊन कोंबड्यासारखा आरवला.

मराठीत आल्यावर काय झाले? जुलमी शिक्षकाचा संत झाला. जर्मनीत ज्याच्या नीतीची चिरफाड होते, त्याच्याच नीतीसाठी मराठीत फाशी स्वीकारली जाते. तिथे पुतळा फोडला जातो, इथे पुतळा वाचविला जातो. हा बदल केवळ रुचीचा नाही. युरोपातल्या शिक्षकामागे वर्ग उभा होता. मराठी खेड्यातल्या मास्तरमागे वर्गाबरोबर वर्णही उभा आहे. शतकानुशतके ज्ञान आणि पावित्र्य एकाच घरात नांदविणाऱ्या समाजात शिक्षकाला हसणे म्हणजे पावित्र्याला हसणे. ते धाडस आमच्या चित्रपटाला झाले नाही. म्हणून वर्गाची विडंबना बदलून तिची वर्णाची शोकांतिका करण्यात आली, आणि तीही वर्णाचे नाव न घेता.

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथे कुर्ल्याच्या नेहरूनगर, ठक्कर बाप्पा कॉलनी, कुरेशीनगर अशा वस्त्यांतून मुले येतात. साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधावर शिकवताना मी त्यांना ‘पिंजरा’ पाहायला सांगितला. एका मुलीने विचारले, “सर, त्या आदर्श गावात महारवाडा कुठाय?” वर्ग हसला नाही. बहुतेकांच्या मनात तेच होते. मोजक्या शब्दांत या मुलीने चित्रपटाचे मर्म उघडे केले. गाव आहे, चावडी आहे, शाळा आहे, नदी आहे. पण कोणत्याही मराठी खेड्याचा जो अटळ भाग, तो गावकुसाबाहेरचा भाग, कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही. आणि तरीही गावकूस आहेच. मास्तर फडाला हाकलतो तेव्हा फड कुठे जातो? नदीपलीकडे. महारवाडा दाखविला नाही, पण तो वसविला मात्र गेला. जात बोलत नाही, पण जागा नेमून देते.

ढोलकी फडात आणि संगीत बारीत नाचणाऱ्या, वाजविणाऱ्या, सोंग काढणाऱ्या माणसांचा इतिहास लपलेला नाही. महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ या जातींनी ही कला आपल्या हाडामांसावर जगविली. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे फडाचेच नाव होते. जात तिथे पाटीवर लिहिलेली होती. चित्रपटाने पाटी पुसली, लावणी ठेवली. चंद्रकलेला घुंगरू दिले, नखरा दिला, सूड दिला. तिला आई कोण, बाप कोण, ती बोर्डावर का उभी राहिली, हे विचारले नाही. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावच्या जत्रांत रात्री जागविणाऱ्या या बाईने फडमालकाकडून किती उचल घेतली आहे, ती कशी फिटणार, पावसाळ्यात ती काय खाणार, या प्रश्नांना पडद्यावर वाव नाही. तिच्या पोटाचा प्रश्न काढून घेतला की उरते फक्त तिचे शरीर. मग मोह हा त्या शरीराचा गुण ठरतो, पाहणाऱ्याचा दोष ठरत नाही.

हे किती सोयीचे आहे ते पाहा. मास्तरजवळ सत्ता आहे. त्याच्या एका शब्दावर गाव फडाला हुसकून लावते. चंद्रकलेजवळ राहायला जागासुद्धा नाही. तरी चित्रपट आपल्याला पटवितो की शक्ती चंद्रकलेची आणि बळी मास्तर! ज्याच्या हाती गाव आहे तो दुबळा, आणि जिला गावातून घालविले ती सामर्थ्यवान. वासनेच्या गोष्टी सांगताना प्रस्थापित साहित्य नेहमी हीच हातचलाखी करते. सत्तेचा पत्ता मुठीत दडवायचा आणि वासनेचा पत्ता समोर टाकायचा.

ही हातचलाखी टाळता येते. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ने (1974) दोनच वर्षांनी ती टाळून दाखविली. तिथे जमीनदाराचा मुलगा सूर्या आणि त्याच्या घरात राबणारी लक्ष्मी यांच्यात आकर्षण आहे, ते खोटे नाही. पण त्या आकर्षणाखाली जमिनीचा सातबारा आहे. ती गरोदर राहताच ते उघडे पडते. तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या काम मागायला येतो आणि भेदरलेला जमीनदारपुत्र त्याला चाबकाने फोडतो. शेवटी एक लहान पोर त्याच्या खिडकीवर दगड भिरकावते. ‘अंकुर’ची बाई लांब तेलंगणातली असूनही आम्हांला ओळखीची वाटते आणि ‘पिंजरा’ची बाई मराठी बोलत असूनही परकी वाटते, याचे कारण हेच. एका ठिकाणी वासनेला मालक आहे. दुसऱ्या ठिकाणी वासना बेवारस आहे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवली पाहिजे. ‘पिंजरा’ 1972 सालचा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि वेश्यावस्तीतली बाई मराठी कवितेत माणूस म्हणून उभी राहिली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला राजा ढाले यांनी ‘साधना’तल्या लेखात ब्राह्मणगावच्या दलित स्त्रीच्या विटंबनेबद्दल लिहिताना सवाल टाकला की राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढी शिक्षा आहे तेवढीसुद्धा दलित स्त्रीच्या लुगड्याला हात घालणाऱ्याला का नाही. महाराष्ट्र त्या सवालाने हादरला. म्हणजे गावाची अब्रू आणि गावकुसाबाहेरच्या बाईची अब्रू यांचे भाव वेगवेगळे का, हा प्रश्न 1972 मध्ये रस्त्यावर आला होता. आणि चित्रपटगृहात त्याच वर्षी गावाच्या अब्रूसाठी एक माणूस फासावर जात होता व प्रेक्षक डोळे पुसत होते. दोन महाराष्ट्र एकाच वर्षात जगत होते; त्यांची भेट झाली नाही.

आता या कथेची खरी, रक्तामांसाची बाजू पाहू. सवर्ण पुरुष आणि तमाशातली बाई ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडली आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866, रेठऱ्याचे. पुढे ते पठ्ठे बापूराव म्हणून अमर झाले. त्यांच्या फडात उभी राहिली संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. ती महार होती. बापूरावांनी कुळकर्ण सोडले, जात सोडली, असे गौरवाने सांगितले जाते, आणि त्या काळात ते सोपे नव्हते. पण पवळेने काय सोडले, हे कुणी विचारत नाही. कारण सोडण्यासाठी आधी काही जवळ असावे लागते. बापूरावांचा तो त्याग ठरला, पवळेचे ते नशीब ठरले. एकाच बोर्डावर उभ्या असलेल्या दोन कलावंतांची मोजमापे अशी वेगळी. ‘पिंजरा’तला मास्तर आणि चंद्रकला यांची मोजमापे याहून निराळी नाहीत.

आंबेडकरी चळवळीत एक हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा महारांच्या मुक्तीला चालणार नाही, ही त्यांची भूमिका. पुढे जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी हे जिणे सोडून देण्याचे कठोर आवाहन केले.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मास्तरही म्हणतो तमाशा नको, बाबासाहेबही म्हणतात तमाशा नको. मग दोघांत अंतर काय? कुणी चतुर वाचक म्हणेल की आंबेडकरी नीती आणि पांढरपेशी नीती शेवटी एकच. तसे नाही. मास्तर बोलतो गावाशी, बाईविषयी. बाबासाहेब बोलतात बाईशी, तिच्याविषयी. मास्तरला गाव स्वच्छ ठेवायचे आहे, बाईचे पुढे काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ती नदीपलीकडे गेली की त्याचे काम संपते. बाबासाहेबांना बाई नदीच्या अलीकडे हवी आहे, चळवळीत हवी आहे, सभेत शेजारी बसलेली हवी आहे. एकाचा नकार हाकलून देणारा आहे, दुसऱ्याचा बोलावून घेणारा. शब्द एक, दिशा उलट. नकाराची दिशा कोणती हे पाहिल्याशिवाय नकाराला क्रांतिकारक म्हणू नये आणि सनातनीही म्हणू नये.

पण एवढ्यावर थांबता येणार नाही. बाबासाहेबांच्या हाकेचा उत्तरार्ध आपण पाळला का? आमच्या घराण्यात मास्तर होणारा मी पहिला. माझ्यासारखे अनेक जण या तीस-चाळीस वर्षांत शाळा-महाविद्यालयांत उभे राहिले. पांढरा सदरा घातला, भाषा घासूनपुसून घेतली. आणि आमच्यातल्या अनेकांनी मास्तरची दुसरी वस्तूही उचलली: नदीपलीकडे बोट दाखविण्याची सवय. कुर्ल्यासारख्या ठिकाणी जयंतीच्या मांडवात भीमगीते गाणाऱ्या बाईला आपण टाळ्या देतो. पण कुणाची आजी फडात होती हे घरात कुजबुजून सांगितले जाते, लग्न ठरवताना तर सांगितलेच जात नाही. फडातून बाहेर येणाऱ्या बाईला आपण जागा ठेवली नाही, मग ती बाहेर येणार कुठे? शैलजा पैक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (2022) या ग्रंथात अश्लील, अस्सल आणि माणुसकी या शब्दांच्या ओढाताणीतून तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आहे. ज्या स्त्रीवर बाहेरच्यांनी अश्लीलतेचा शिक्का मारला, तिलाच आपल्या समाजाच्या प्रतिष्ठेचाही भार वाहावा लागला. दोन्हीकडून तीच वाकली.

म्हणून तमाशाची गोष्ट नदीपलीकडून कशी दिसते ते वाचले पाहिजे. कुर्ल्याहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने थोडे वर गेले की घाटकोपरचे चिरागनगर लागते. तिथल्या झोपडीत राहून अण्णा भाऊ साठ्यांनी जे साहित्य लिहिले ते आपल्या शेजारचे आहे. त्यांची ‘वैजयंता’ तमाशातल्या स्त्रीची कथा सांगते, आणि तिच्यावर 1961 मध्ये चित्रपटही निघाला. अण्णा भाऊंनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून तमाशाच हाती घेतला, पण गणात देवाऐवजी कष्टकऱ्याला वंदन केले आणि वगात सावकार व भांडवलदार उभे केले. तमाशा हाकलण्याची गरज नव्हती, तो कुणाच्या बाजूने उभा आहे हे बदलण्याची गरज होती, हे त्यांनी कृतीने दाखविले. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) वाचा. चंद्रकलेला मूल झाले असते तर त्याचे काय झाले असते, त्याचे उत्तर तिथे आहे. बापाचे नाव नाही म्हणून आईचे नाव लावून डॉक्टर झालेला तो मुलगा हा ‘पिंजरा’ने न दाखविलेला शेवट आहे. आणि विठाबाई भाऊ नारायणगावकर (1935–2002) आठवा. खेळाच्या मध्येच बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेली, आणि अखेरचे दिवस हलाखीत काढलेली ही बाई. तिच्या आयुष्यात पिंजरा मोहाचा नव्हता. पिंजरा पोटाचा होता, उचलीचा होता, जातीचा होता.

आता शेवटाकडे, न्यायालयातल्या प्रसंगाकडे येऊ. खरा मास्तर जिवंत आहे, हे चंद्रकलेला माहीत आहे. त्या साऱ्या न्यायालयात सत्य जाणणारी आणि ते सांगू पाहणारी तीच एक. पण तिचा शब्द निकाल बदलू शकत नाही. प्रेक्षकाला हुंदका येतो तो मास्तरच्या मौनासाठी. त्या मौनाला त्याग म्हणतात. बाईच्या वाया गेलेल्या शब्दाला काय म्हणतात? त्याला नाव नाही. मला हा प्रसंग सर्व चित्रपटातला सर्वात खरा वाटतो, दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेल्या कारणाने नव्हे. गावकुसाबाहेरच्या बाईची साक्ष चालत नाही, हे या देशाच्या न्यायाचे जुने वास्तव तिथे नकळत पडद्यावर उमटले आहे.

आणि पुतळा? आम्हांला पुतळ्यांचे महत्त्व कुणी शिकवू नये. याच उपनगरात, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात 10 माणसे मारली गेली. तो पुतळा माणसांना ताठ उभे राहायला सांगतो, म्हणून माणसे त्याच्यासाठी रस्त्यावर आली. ‘पिंजरा’तला पुतळा उलटे करतो. तो जिवंत माणसाला खाली मान घालायला लावतो, सत्य गिळायला लावतो, आणि बाईला गप्प बसवतो. जो पुतळा सत्याने पडतो तो पडू द्यावा. मास्तरने खरे सांगितले असते तर गावाला कळले असते की नीती हा कुणा एकाच्या ब्रह्मचर्याचा ठेका नाही, आणि नदीपलीकडे राहणारी माणसेही माणसेच आहेत. ते गाव त्या दिवशी खऱ्या अर्थाने आदर्श झाले असते. चित्रपटाने गावाला ही संधी दिली नाही.

‘पिंजरा’ पाहू नका असे मी म्हणत नाही. जरूर पाहा, विद्यार्थ्यांना दाखवा, गाणीही ऐका. ती ढोलकी आपल्याच माणसांच्या हातून घडली आहे. पण पाहताना डोळे मास्तरच्या चेहऱ्यावरून काढून कॅमेऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या सुरत्यांकडे, तुणतुणेवाल्याकडे, राहुटीच्या दोरीला टेकलेल्या त्या म्हाताऱ्या बाईकडे वळवा. त्यांची नावे विचारा. जिथे शक्य असेल तिथे, आपल्या वस्तीत, आपल्या घरात, फडात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हकिकती त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांना द्यावे, कार्यकर्त्यांनी ते जयंतीच्या मंचावर वाचावे. पवळेच्या नावाने आपल्याकडे आपण काय जतन केले, हा प्रश्न आपल्याला कुणी विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा. चंद्रकलेची साक्ष त्या न्यायालयाने घेतली नाही. ती घेण्याचे काम आपल्याकडे आले आहे.